अर्धी ठोकलेली जाळी

येत्या रविवारी नक्की, असं सदू म्हणायचा आणि रविवार येऊन जायचा. रसायनीच्या कारखान्यातून तो घरी यायचा तोच असा पिळून निघालेला, की हातात हातोडी घ्या म्हणायला इंदूबाईची जीभ रेटायची नाही. जस्ती जाळीचं भेंडोळं त्याने खालापूरच्या बाजारातून शिमग्याआधीच आणून माळ्यावर टाकलं होतं. ते तिथे धूळ खात पडलं होतं, आणि खाली माजघराच्या खिडकीशी तिचा सासरा आबाजी डासांच्या तोंडी पडला होता.

आबाजीचं उजवं अंग गेलं होतं. जीभ जड झाली होती. बोलायचा ते फक्त इंदूबाईला कळायचं, तेही निम्मंच. डावा हात तेवढा हलायचा, पण तो नाकापर्यंत पोचेस्तोवर डास रक्त पिऊन उडून जायचा. सकाळी तोंड पुसताना त्याच्या कपाळावरच्या गांधींना ती खोबरेल लावायची.

आणि वाडीत खिडक्यांना जाळी पहिल्यांदा लावली होती ती याच माणसाने. तरुणपणी खोपोलीला साहेबलोकांच्या बंगल्यांवर तो सुताराच्या हाताखाली राबला होता. हिवतापात पाठोपाठ दोन पोरं गेली, तेव्हा तो तारेची जाळी घेऊन आला आणि घराच्या सगळ्या खिडक्या त्याने स्वतः जाळीने मढवल्या. आबाजी उंदराच्या पिंजऱ्यात राहतो म्हणून लोक हसले. पण त्या पिंजऱ्यात तिसरं पोर, सदू, जगला. आता ती जाळी गंजून गंजून बोट लावलं तरी भुगा होत होती. भोकांमध्ये इंदूबाईने चिंध्या कोंबल्या होत्या, आणि डास त्या चिंध्यांच्या बाजूने आत येत होते.

चैत्र संपत आला होता. त्या दिवशी सदू पहिल्या पाळीला गेल्यावर तिने सासऱ्याला पेज पाजली, माळ्यावरून भेंडोळं खाली ओढलं आणि पटाशी, हातोडी, चुका म्हणजे बारीक खिळे, असं सगळं सामान घेऊन ती एकटीच कामाला लागली. गंजाची पूड अंगावर पडू नये म्हणून तिने आबाजीवर गोधडी घातली.

“मामा, डोळे मिटून रावा,” ती म्हणाली. आबाजी डोळे उघडे ठेवूनच तिच्याकडे बघत राहिला. सून पटाशी कशी धरते ते त्याला बघायचं होतं.

खिडकीच्या झडपा वाळवीने कधीच खाल्ल्या होत्या; पावसाळ्यात सदू तिथे गोणपाट ठोकायचा. उभे लाकडी गज होते, त्यातले दोन तिने हात लावताच बुडातून सुटून आले. तेही तिने काढून बाजूला ठेवले. जुनी जाळी उतरली तशी खिडकी एकदम मोठी दिसायला लागली, आणि परसापलीकडचं शेत जणू घरात आलं.

ते शेत हिरूचं. हिरू सदूचा चुलतभाऊ, गोदा त्याची बायको. इंदूबाईचं आणि गोदाचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. इंदूबाईला मूल नव्हतं. गोदाची सोमी तान्ही असताना ती तिला घेऊन बसायची, न्हाऊ घालायची, तिच्या टाळूला तेल जिरवायची. एकदा सोमीला ताप आला आणि काही केल्या उतरेना. तेव्हा पाणवठ्यावर, चार बायकांसमोर, गोदा म्हणाली होती, की वांझेची नजर लागली माझ्या पोरीला. सोमी बरी झाली. पण तो शब्द इंदूबाईच्या काळजात रुतला तो रुतलाच. त्या दिवसापासून तिने गोदाच्या दाराकडे मान वळवली नव्हती.

आज हिरू आणि गोदा शेतात राब भाजत होते. पेरणीआधी रोपाच्या जागेवर शेण, पाला, गवत पसरून ते पेटवायचं, हे दरवर्षीचंच. धूर सरळ वर चढत होता. सोमीला त्यांनी बांधावरच्या आंब्याखाली बसवलं होतं. आणि शेताच्या पल्याडच्या टोकाला सावरीचं उंच झाड उभं होतं. त्याच्या फांद्यांना आग्या माश्यांची मोहोळं लोंबत होती, सुपासारखी काळी आणि रुंद.

इंदूबाईने नवी जाळी मापाने कापली. तारांची टोकं बोटांत घुसत होती. पाटावर चढून तिने वरची बाजू चुकांनी ठोकली, मग डावीकडची. उजवी बाजू धरली तेव्हा वारा फिरल्याचं तिच्या गालाला कळलं. तिने बाहेर पाहिलं. धूर आडवा झाला होता. जमिनीलगत सरपटत तो सावरीच्या झाडाकडे निघाला होता.

हिरू खाली वाकून पाला सारखा करत होता. गोदाची पाठ झाडाकडे होती. दोघांनाही दिसलं नव्हतं.

हाक तिच्या ओठांशी आली. खिडकीतून जोरात ओरडलं असतं तर ऐकू गेलं असतं. पण हाक मारायची म्हणजे नाव घ्यायला हवं, आणि ते नाव दोन वर्षांत तिच्या तोंडात आलं नव्हतं. डोळे आहेत की त्यांना, ती मनाशी म्हणाली. शेत त्यांचं, धूर त्यांचा. तिने चूक तोंडातून काढली, जाळीवर टेकवली आणि हातोडी मारली.

उजवी बाजू ठोकून होत आली तोवर आवाज सुरू झाला. आधी दूरवर कुणी जातं ओढावं तसा घरघर आवाज, मग तो वाढत गेला. इंदूबाईने पाहिलं तर सावरीच्या फांद्या उजेडाला उघड्या पडल्या होत्या. काळी सुपं फांदीवरून सुटून हवेत पसरली होती. हिरू डोक्यावरचं फडकं झाडत नदीकडे धावत सुटला. धावता धावता तो ओरडून काही सांगत होता. बायको पोरीला घेऊन पुढे गेली, असंच त्याला वाटलं असावं. पण गोदा उलट फिरली होती. तिने आंब्याखालून सोमीला उचललं, पदराखाली घेतलं, आणि तोवर नदीकडची वाट माश्यांनी भरून गेली होती. ती घराकडे पळाली. सगळ्यात जवळचं घर इंदूबाईचं होतं.

घराला मागून दार नव्हतं. गोठ्याला आणि शेणखताच्या खाचेला वळसा घालून पुढच्या अंगाला यावं लागायचं. मागे होती ती फक्त ही खिडकी.

इंदूबाईने गोधडी आबाजीच्या तोंडावर ओढली. वरची आणि दोन्ही बाजूंची जाळी बसली होती, खालची मोकळी होती. पहिल्या माश्या येऊन जाळीवर आदळल्या. ती खालची कड घट्ट दाबून धरून चुका चाचपडू लागली. गोधडीखाली आबाजी होता, ज्याला तोंडावरची माशी हाकलता येत नव्हती. माश्यांची एक झुंड आत शिरली तर तो जागच्या जागी संपेल, एवढंच तिला सुचत होतं.

मग जाळीपलीकडे गोदाचा चेहरा आला. केसांत माश्या होत्या, एक डोळा मिटत चालला होता. पदराखाली सोमी किंकाळ्या फोडत होती.

“इंदूबाय,” गोदा म्हणाली, “पोरीला घे.”

इंदूबाईचे हात कडेवरून हलले नाहीत. पोरगी आत घ्यायची म्हणजे जाळी उचलायची, आणि पोरीमागून माश्या येणार. खाली सासरा. हे सगळं खरंच होतं. पण त्याच्याही तळाशी आणखी काही होतं, आणि ते तिला स्वतःला स्पष्ट कळलं. वांझेच्या हाती देतेस होय पोर, असं विचारायला तिची जीभ वळवळली होती.

गोदाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. पोरीला घेऊन ती बाजूला वळली, गोठ्याच्या दिशेने.

“घे.”

आवाज खाटेवरून आला होता. आबाजीने डाव्या हाताने गोधडी तोंडावरून खाली ओढली होती. वाकड्या ओठांतून तो शब्द कधी नव्हे इतका स्वच्छ निघाला. “घे. घे.”

“गोदे!” इंदूबाईने हाक मारली. “हिकडं ये. दे तिला.”

तिने जाळीची खालची कड उचलून वर वाकवली. तारा तळव्यात घुसल्या. निघालेल्या गजांच्या जागेतून गोदाने पोरीला डोक्याकडून आत सारलं. इंदूबाईने काखांत हात घालून ओढलं. पोरीबरोबर माश्या आत आल्याच. एक इंदूबाईच्या मानेला डसली, एक पापणीला. तिने सोमीला आबाजीच्या डाव्या कुशीत टाकलं आणि दोघांवर गोधडी ओढली.

मागे वळली तो खिडकीत अंधार झाला होता. गोदा पाठ फिरवून उभी होती. पदर पसरून तिने पाठ आणि कंबर त्या मोकळ्या फटीवर दाबून धरली होती, म्हणजे माशीला वाटच राहू नये.

“ठोक तू,” ती बाहेरून म्हणाली.

“तू पुढल्या दारी ये, मी उघडते.”

“तवर घर भरंल. ठोक.”

इंदूबाईने ठोकलं. जाळीला टेकलेली ती पाठ तिच्या बोटांपासून चार बोटांवर होती. हातोडीचा घाव बसला की पाठ दचकायची, पण हलायची नाही. गोदा मोठ्याने ओरडत नव्हती. दात आवळून कण्हत होती, बाळंतपणात कण्हतात तशी. एक चूक वाकली. ती तशीच ठेवून इंदूबाईने दुसरी मारली. अंगठ्यावर घाव बसला, नख काळं झालं, तेही तिला मागाहून कळलं. शेवटची चूक बसली आणि ती ओरडली, “झालं, आता पळ.” पण पाठ जाळीवरून हळूहळू खाली घसरली आणि खिडकीत पुन्हा उजेड आला.

आत आलेल्या माश्या तिने पाटाने भिंतीवर चिरडल्या. गोधडी थोडी उचलून पाहिलं. सोमीच्या केसांतली एक माशी तिने चिमटीत धरून काढली. आबाजीचा वरचा ओठ सुजून टम्म झाला होता, पण त्याचा डावा हात पोरीभोवती घट्ट होता, आणि डोळ्यांनी तो खिडकीकडे खूण करत होता. जा, असं तो म्हणत होता.

तिने खुंटीवरचं घोंगडं अंगावर घेतलं, डोक्यावरून ओढून हनुवटीखाली मुठीत आवळलं. चुलीतल्या पेटत्या गोवऱ्या घमेल्यात घातल्या, वर ओला पाला टाकला. धूर भपकन वर आला. या धुराने आग्या चवताळल्या, आता याच धुरावर जगायचं होतं. बाहेर पडून तिने दार मागे ओढून घेतलं.

गोठ्याला वळसा घालायला एरवी विडा लावायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागत नसे. त्या दिवशी ती वाट संपेना. घोंगड्यावर माश्या गारांसारख्या पडत होत्या. फटीतून तिला फक्त आपले पाय आणि घमेल्याची कड दिसत होती. गोदा खिडकीखाली भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं. इंदूबाईने घमेलं तिच्या डोक्याशी ठेवलं, घोंगड्याचं एक टोक तिच्यावर टाकलं आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “ऊठ गं. मला एकटीला नाय उचलायची तू.”

गोदा उठली नाही. रांगली. इंदूबाईही तिच्यासोबत रांगली, घोंगड्याखाली, एका हाताने घमेलं पुढे सरकवत. बोटं भाजत होती. शेणखताच्या खाचेच्या कडेने, गोठ्याच्या कुडाला घासत, त्या दाराशी आल्या. आत पडल्यावर इंदूबाईने पायानेच दार लोटलं आणि आडणा घातला.

त्यानंतर मात्र नुसतं बसून राहणं होतं, आणि तेच सगळ्यात कठीण गेलं. खिडकीवर माश्या काळ्या होऊन बसल्या होत्या. जाळी तडतड वाजत होती. वाकड्या चुकेपाशी कड किंचित फुगली होती, तिथे इंदूबाईने चिंध्यांचा बोळा दाबून धरला आणि ती तशीच उभी राहिली. गोदा जमिनीवर पडून होती. तिला ओकाऱ्या झाल्या, मग हुडहुडी भरली. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला तेव्हा इंदूबाईला वाटलं, आता ही माझ्या घरात मरते. मी धूर पाहिला होता आणि ही माझ्या घरात मरते. बोळा सोडून तिच्याजवळ जाता येत नव्हतं. ती उभ्यानेच तिच्याशी बोलत राहिली, काहीबाही, सोमी बरी आहे, सोमी निजली, हिरूभाऊजी नदीत उतरलेत. यातलं सोमीचं तेवढं तिला ठाऊक होतं.

ऊन चढलं तशा माश्या विरळ झाल्या. वाडीतली माणसं घोंगडी पांघरून, धुराची भांडी घेऊन आली. हिरू सापडला तो नदीतल्या खडकाआड गळ्यापर्यंत पाण्यात, तोंड ओळखू येईना असा. रस्त्यावरून टेंपो थांबवून नवरा-बायको दोघांना खोपोलीला दवाखान्यात नेलं. सोमीला कुणी न्यायचं यावर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, तेव्हा हिरूची म्हातारी मावशी येसूबाई पुढे झाली आणि तिला घेऊन गेली.

संध्याकाळी सदू आला. वाटेतच त्याला सगळं कळलं होतं. बापाचं सुजलेलं तोंड बघून तो बायकोवर भडकला. बाप जाग्यावर मेला असता म्हणजे, असं तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. शेवटी आबाजीनेच डावा हात उचलून खाटेच्या कडेवर आपटला, तेव्हा सदू थांबला. मग चिमणीच्या उजेडात तो बापाच्या ओठातला काटा नखाने काढत बसला, आणि तो निघाल्यावर म्हणाला, “जाळी बरी बसवलीस गं.”

गोदा दवाखान्यातून परत आली ती अमावस्या उलटल्यावर. सगळी वाडी तिला बघून आली. इंदूबाई गेली नाही. लोक हिरूला दोष देत होते, वारा बघून राब लावायला नको का, म्हणत होते. ते कानावर आलं की ती हातातलं काम सोडून दुसऱ्या खोलीत जायची. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. ती उठली आणि सरळ गोदाच्या पडवीत जाऊन उभी राहिली.

गोदा भिंतीला टेकून बसली होती. सूज उतरली होती, पण हात अजून जड होते आणि तोंडावर काळे डाग होते. तिने बस म्हटलं. इंदूबाई बसली. पलीकडे येसूबाई तांदूळ निवडत होती. ती सूप उचलून आत निघून गेली.

“तू खिडकीत उभी व्हतीस,” गोदा म्हणाली.

“व्हते.”

“धूर झाडाकडं वळला, तो दिसला नाय तुला?”

नाही म्हणता आलं असतं. जाळी ठोकत होते, लक्ष नव्हतं, असं म्हटलं असतं तर कुणीही मानलं असतं.

“दिसला,” इंदूबाई म्हणाली. “हाक तोंडात आली व्हती. तुजं नाव नाय निघालं.”

गोदाने मान अंगणाकडे वळवली. इंदूबाई उठून जाणार होती; आता ही काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, मग जायचं, असं तिने ठरवलं होतं.

“माज्या तोंडातूनपन नसतं निघालं,” गोदा म्हणाली. “पोर नसती हातात, तर तुज्या खिडकीशी आले नसते मी. मेले असते खाचंत, पन आले नसते.” तिने जड हात मांडीवर ओढून घेतले. “पानवठ्यावर मी बोलले, ते मला उमगलं नाय असं नाय. बोलले त्याच दिशी उमगलं. पन मंग येवं कसं?”

दोन वर्षं इंदूबाईने मनात किती भांडण घोळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य तिला आता आठवत नव्हतं.

आतून सोमी रडत आली. तिला कडेवर यायचं होतं. गोदाने हात पुढे केले, आणि वेदनेने तोंड वाकडं करून पुन्हा खाली घेतले.

“उचलवत नाय अजून,” ती म्हणाली. “मावशीपन थकली. तू ने तिला. चार दिवस ठेव.”

“माज्याकडं?”

“मंग कुनाकडं.”

इंदूबाईने सोमीला उचललं. दोन वर्षांत पोर चांगलीच जड झाली होती. पडवी उतरून ती वाटेला लागली. पाणवठ्यावरून परतणाऱ्या बायका हंडे घेऊन समोरून येत होत्या. त्या बघत राहिल्या, एकीने वाट सोडली. इंदूबाई मान वर करून त्यांच्यामधून चालत गेली. घरी येऊन तिने पोरीला आबाजीच्या खाटेवर बसवलं आणि पेज ठेवायला चुलीकडे गेली. आज एक मूठ तांदूळ जास्त घालायचे होते.